अकरा खुणा

सोसायटीच्या नोटीसबोर्डवर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, सेक्रेटरींनी हौसेने कागद लावला होता. 'आपल्या सोसायटीच्या सूनबाई सौ. रेवती केयूर पाटणकर यांची भारतीय बास्केटबॉल संघात निवड. हार्दिक अभिनंदन.' दोन दिवस अण्णा, म्हणजे रेवतीचे सासरे, येता-जाता तो कागद नुसते वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'बास्केट' खोडलं आणि वर नीट अक्षरात 'बेस' लिहिलं. चौथ्या दिवशी कुणीतरी त्याच्याखाली लिहून ठेवलं, 'म्हणजे काय?'

रेवतीला त्या प्रश्नाची सवय होती. सॉफ्टबॉलसारखंच, पण बॉल लहान आणि कडक. क्रिकेटसारखं, पण टप्पा नाही. दहा वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि शेवटी समोरचा म्हणायचा, "हां हां, तो दांडका, गाडीत ठेवतात तो," आणि विषय संपायचा. चारकोपच्या दुकानात तिने पहिली बॅट घेतली तेव्हा दुकानदाराने आधी तिचं आधारकार्ड मागून घेतलं होतं.

अशा या खेळाचा देशाचा संघ होता, आणि संघातल्या तिघी मुंबईच्या होत्या. त्यांचा सराव महापालिकेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात चालायचा, सकाळी सहा ते आठ. प्रशिक्षक शिवदास सर आणि मुली घमेल्यांनी लाल माती आणून पिचरसाठी, म्हणजे बॉल टाकणारीसाठी, उंचवटा करायच्या, फक्कीने रेषा आखायच्या, आणि आठ वाजता क्रिकेटवाले आले की तो उंचवटा पायांनी तुडवून पुन्हा सपाट करून द्यायच्या. तसा करारच होता. दुसऱ्या दिवशी परत घमेली.

रेवती कॅचर. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवी बसून पिचरचे बॉल झेलणारी. पण झेलणं हे अर्धं काम. कुठला बॉल टाकायचा हे ती पिचरला सांगते, आणि तेही बोलून नाही, कारण बॅटर दीड हातावर उभी असते. दोन मांड्यांच्या मध्ये उजवा हात धरून बोटांनी सांगायचं. एक बोट म्हणजे सरळ आणि जोरात. दोन बोटं म्हणजे वळणारा. चार बोटं हलवली की संथ. मूठ म्हणजे थांब. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टिचकी मारली की बॅटरपासून लांब. साठ फुटांवरून पिचरला नीट दिसावं म्हणून रेवती उजव्या हाताच्या नखांना पांढरंशुभ्र नेलपॉलिश लावायची. बोरीवलीच्या लग्नात एका मावशींनी तो हात हातात घेऊन हळूच विचारलं होतं, "कॅल्शियम कमी आहे का गं?"

सात वर्षांपूर्वी ती एकदा संघाबरोबर गेली होती, राखीव म्हणून. पाच सामने बाकावर बसून परत आली. मग दोन वर्षं स्पर्धाच झाल्या नाहीत, मग लग्न, मग मधू. आता तिसाव्या वर्षी तिचं नाव यादीत पहिली कॅचर म्हणून होतं. आणखी तीन आठवड्यांनी बँकॉक. यानंतर कुणी बोलावणार नव्हतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. उकिडवं बसून उठताना गुडघेच सांगत होते.

मधूचं पूर्ण नाव मधुवंती. ते अण्णांनी ठेवलं होतं. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले, पण खरा जीव गाण्यात. नात झाली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातच त्यांनी रागाचं नाव पक्कं करून टाकलं होतं. मधू आता बावीस महिन्यांची होती. आणि अजून एक शब्द बोलत नव्हती.

"आमच्या केयूरने अडीच वर्षं होईस्तोवर तोंड उघडलं नव्हतं," सुहासिनीताई म्हणायच्या. त्या रेवतीच्या सासूबाई. "आणि आता बघ, मीटिंगमध्ये कुणाला बोलू देत नाही."

"मला नाही हो काळजी, आई," रेवती म्हणायची. "तिला सगळं समजतं."

खरं तर रेवतीला सगळ्याचीच काळजी असायची. मोबाइलमध्ये तिने मधूची एक नोंद ठेवली होती. कुठला दात कधी, ताप किती, शी कशी, कुठल्या गादीवरून कुठल्या कुशीवर पडली. एक शिंक आली की डॉक्टर. केयूर चिडवायचा, "आपल्या डॉक्टरांनी नंबर बदललाय, तुला घाबरून." पण मधूच्या समजेबद्दल मात्र तिला खात्री होती, कारण त्या दोघींची एक भाषा होती.

ती भाषा ठरवून झाली नव्हती. वन बीएचकेचं घर. दुपारी सुहासिनीताई झोपायच्या, संध्याकाळी हॉलमध्ये अण्णांचा रियाज, आणि केयूर घरून काम करत असला की त्याचे कॉल. मग रेवती हातानेच सांगायची. एक बोट दाखवलं की मधू धावत यायची. दोन बोटं म्हणजे दूध. चार बोटं हलवली की आंघोळ. मूठ म्हणजे थांब, हात लावायचा नाही. मांडीवर बाहेरून टिचकी म्हणजे फिरायला. अशा अकरा खुणा झाल्या होत्या आणि मधू एकही चुकायची नाही. आता ती स्वतःसुद्धा करायची. झोपेतून उठली की गादीवर बसून दोन बोटं नाचवायची.

"तोंड नाही का गं तुम्हां मायलेकींना?" सुहासिनीताई एकदा वैतागल्या होत्या. "मी हाका मारून दमते, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. तू बोट वर केलंस की हजर."

"तुम्ही ओरडता म्हणून, आई."

हे उत्तर रेवतीला पुढे फार दिवस ऐकू येत राहणार होतं.

*

त्या बुधवारी सुहासिनीताई मुलुंडला बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून अण्णा मधूला घेऊन मैदानावर आले. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या थांब्याच्या, पलीकडे क्रिकेटवाल्यांची पत्र्याची शेड होती. तिच्या सावलीत अण्णांनी सतरंजी घातली, थर्मास काढला. मधू शेडकडे पाठ करून बसली आणि बाटलीच्या झाकणात खडे भरायला लागली. रेवतीला ती तिथे बरोबर दिसत होती. कॅचरच्या जागेवरून सगळं मैदान दिसतं. बाकीच्या सगळ्या जणी तिच्याकडे तोंड करून असतात, एकटी तीच बाहेर बघत असते.

पिचिंगला सपना होती. सपना भांडुपची, वडील मूळचे कणकवलीकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले. सपनाचा हात सोन्याचा होता आणि डोकं गरम. तिला समोर रेवती लागायची. दुसऱ्या कुणाची खूण तिला पटायची नाही, नुसती मान हलवत राहायची.

"काय गं रेवा, आज लेकीसमोर शायनिंग?" ती उंचवट्यावरून ओरडली. "टाकू का जोरात?"

रेवतीने मास्क खाली ओढला आणि दोन बोटं दाखवली.

बॉल वळून आला, बॅटरने तो अर्धवट मारला, घरंगळत पहिल्या बेसकडे गेला. तिथल्या मुलीने उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला. फेक उंच गेली. तिसऱ्या बेसवरची शर्मिष्ठा उडी मारूनही पोचली नाही, आणि तो कडक बॉल सगळ्या वेगासकट शेडच्या पत्र्यावर, मधूच्या डोक्याच्या चार हात वर, आदळला.

असा आवाज झाला की पलीकडच्या पिंपळावरचे कावळे उठले. शेडखाली झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं. अण्णांच्या हातातला थर्मासचा कप चहासकट सतरंजीवर पडला. शर्मिष्ठाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मैदानातली प्रत्येक मान तिकडे वळली.

मधू झाकणात खडा ठेवत होती. तो ठेवून झाल्यावर तिने दुसरा उचलला.

मग अण्णा तिच्याकडे झेपावले तेव्हा तिने वर बघितलं, त्यांच्या तोंडाकडे, आणि काय झालं ते न कळल्यासारखी हसली. मग तिची नजर आईला शोधत आली. लांबून तिने एक बोट वर केलं. ये.

"लागलं नाय ना तिला?" सपना विचारत होती. "रेवा? काय झालं? खूण दे ना."

रेवती उकिडवी बसून राहिली. उजवा हात मांड्यांच्या मध्ये होता, आणि त्यातलं एकही बोट हलत नव्हतं.

*

घरी आल्यावर तिने अण्णांना काही सांगितलं नाही. मधू बेडरूमच्या गादीवर बाहुली घेऊन बसली होती. रेवती तिच्या मागे दारात उभी राहिली.

"मधू."

काही नाही.

"मधुवंती." मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणून तिने ते फरशीवर सोडलं. बाहेरून अण्णा "काय पडलं गं?" म्हणाले. मधू बाहुलीचा पाय तोंडात घालत होती.

मग रेवतीने कपाटावरचा मिट काढला, कॅचरचा जाड चामडी ग्लोव्ह. नऊ वर्षं तिच्याच हातात मुरलेला. ती गादीवर मधूच्या मागे गुडघे टेकून बसली आणि मिटमध्ये मूठ मारली. थप्.

मधू झटकन वळली. खूश होऊन.

रेवतीच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. ती गादीवरून खाली उतरली. फरशीवर उभी राहिली, गादीला कुठेही न टेकता. हवेत मिट धरला आणि त्याच जोराने, त्याहून जोराने, मूठ मारली. पुन्हा मारली. मारत राहिली. पोर बाहुलीशी खेळत होती.

जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात बाळाच्या कानांची तपासणी झाली होती. कार्डावर दोन्ही कानांपुढे शिक्का होता, 'पुन्हा तपासणी'. कानात पाणी असेल, पुष्कळ बाळांचं असं होतं, दीड महिन्याने आणा, असं नर्सने सांगितलं होतं. दीड महिन्याने पाऊस होता, मधूला सर्दी होती. आणि रेवतीने घरच्या घरी तपासून बघितलं. बाळाला गादीवर ठेवलं, शेजारी बसून मिटमध्ये मूठ मारली. थप्, आणि बाळ दचकलं. दुसऱ्या दिवशी परत. परत दचकलं. दहा वेळा मारली, दहा वेळा दचकलं. नऊ महिन्यांची असताना डॉक्टरांनी विचारलंही होतं, कानांचं पुढे काय झालं. रेवती म्हणाली होती, "उत्तम ऐकते. मी स्वतः तपासलंय."

गादी हलत होती. मधूला गादी कळत होती.

तिने मोबाइलमधली नोंद उघडली. 'सात महिने: दिवसभर बाबाबा, दादादा.' 'दहा महिने: आवाज कमी झालेत. शांत, समंजस आहे. माझ्यावर गेली.' पुढे एक हसरा चेहरा टाकलेला होता. सगळं टिपलं होतं तिने, एकही गोष्ट सुटली नव्हती.

संध्याकाळी केयूर अंधेरीहून आला, बूट काढता काढता त्याने ऐकलं. एक बूट हातातच राहिला.

"पण तूच म्हणाली होतीस ना, ऐकते म्हणून," तो म्हणाला.

"हो."

त्याला ते बोलायचं नव्हतं. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो बुटासकट तिच्याजवळ येऊन बसला. पण शब्द बोलला गेला होता, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

*

बोरीवलीच्या क्लिनिकमध्ये मधूला झोपेचं औषध पाजून, कपाळाला आणि कानांमागे तारा लावून तपासणी केली. केयूर आणि रेवती पडद्यावरच्या रेषांकडे बघत होते. रेषा सपाट होत्या. नव्वद डेसिबलपर्यंत आवाज वाढवला तरी सपाट.

तपासणाऱ्या बाई मृदू बोलणाऱ्या होत्या. दोन्ही कान. जन्मापासून. आधी श्रवणयंत्रं लावून तीन महिने बघायचं, मग ऑपरेशन. होईल, पुष्कळ मुलं बोलतात. "फक्त वर्षाच्या आत आला असतात तर..." असं म्हणून त्यांनी समोरची फाइल सरळ केली. "असू दे. आता आलात ना. पण इतके दिवस घरात कुणालाच शंका आली नाही? साधारणपणे आईला पहिली येते."

"आम्ही खुणा करायचो," रेवती म्हणाली. "तिला कळायच्या."

"किती?"

"अकरा."

बाईंनी चष्मा वर केला. "कुठे शिकलात?"

"मी कॅचर आहे," रेवती म्हणाली, आणि पुढे समजावून सांगायची तिच्यात ताकद राहिली नाही.

बाईंनीही विचारलं नाही. यंत्रं नऊ तारखेला बसवू म्हणाल्या. त्यानंतर रोज दीड तास थेरपी, सोबत एकच मोठं माणूस, शक्यतो आई, निदान पहिला महिना खंड नको. "आणि एक गोष्ट. खुणा बंद करायच्या. पूर्ण. हाताने मिळत असेल तर मूल कानाने का घेईल? कठीण जाईल, तुम्हाला जास्त. पण ऐकायची सवय लावायची तर हात बांधूनच ठेवावे लागतील."

संघ बारा तारखेला निघणार होता.

घरी अण्णा खुर्चीत बसले होते. केयूरने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. रोज संध्याकाळी रियाजाला ते मधूला मांडीवर घ्यायचे. ती त्यांच्या छातीला गाल लावून स्वस्थ पडून राहायची, तासतासभर.

"मला वाटायचं, तिला खर्ज आवडतो," अण्णा म्हणाले. "वरच्या सुरात गेलो की डोकं उचलायची. खाली आलो की परत टेकायची. मी सगळ्यांना सांगायचो, पोरीला समज आहे." आणि मग, "तिला बिचारीला नुसती छाती कळत होती."

सुहासिनीताई आतून आल्या. त्यांचे डोळे लाल होते. "तू जा बँकॉकला," त्या रेवतीला म्हणाल्या. "दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी नेईन तिला रोज रिक्षाने. मला काय धाड भरलीय?"

"आई म्हणतेय ते बरोबर आहे," केयूर म्हणाला. "मी सुट्टी टाकतो. जा तू. सात वर्षं वाट बघितलीस."

कुणीच तिला थांब म्हणत नव्हतं. थांब म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं.

*

शिवदास सरांना तिने फोन केला. मागे घमेल्यात माती पडल्याचा आवाज येत होता. "बघ बाई," ते म्हणाले. "राखीव मुलगी आहे. पंजाबची. हात चांगला आहे. सपनाचं काय करायचं ते बघतो." मग म्हणाले, "मुलीला जप."

सपना दुसऱ्या दिवशी दुपारी भांडुपहून थेट चारकोपला आली, चपला न काढता दारातच उभी राहिली.

"तू येत नाहीस?"

"आत ये आधी."

"तू नाय इलंस तर मी बॉल कोणाक टाकू? त्या पंजाबणीक?" चिडली की सपना आजीच्या मालवणीवर जायची. "तिची खूण मला कळत नाय, माझी मान तिला कळत नाय. दहा दिवस, रेवा. दहा दिवसांत पोरीचे कान पळून जातायत काय?"

"बावीस महिने पळून गेलेत."

"म्हणून तू स्वतःक शिक्षा करतस."

रेवतीने मनाशी हा विचार कितीतरी वेळा केला होता. शिक्षाच असेल. पण दुसरंही एक होतं, जे तिला सपनाला सांगता येईना. बँकॉकच्या मैदानावर ती उकिडवी बसेल, दोन मांड्यांच्या मध्ये हात धरेल, एक बोट दाखवेल, आणि तिला समोर सपना दिसणार नाही. पत्र्याच्या शेडखाली बसलेली पोर दिसेल.

मधू आतून आली. सपना तिची लाडकी. तिने सपनाकडे बघून मांडीवर टिचकी मारली, फिरायला नेतेस?

सपनाचा चेहरा पडला. तिने चपला काढल्या, मधूला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मधूला गुदगुल्या होत होत्या, ती आवाज न करता हसत होती.

निघताना सपना म्हणाली, "त्या पंजाबणीचा मिट नवीन आहे. लाकडासारखा. माझा बॉल उडून जातो त्यातून."

रेवतीने कपाटावरचा मिट काढून तिच्या हातात दिला. आतल्या चामड्याला तिच्या तळव्याचा खड्डा पडलेला होता. मधू बघत होती. मिट दिसला की काय होतं ते तिला माहीत होतं. ती पळत जाऊन गादीवर बसली, दोन्ही तळवे गादीवर सपाट टेकले आणि थप् होण्याची वाट बघू लागली.

"जा आता," रेवती सपनाला म्हणाली. "रिक्षा मिळणार नाही मग."

*

नऊ तारखेला यंत्रं बसली. गुलाबी रंगाची, मधूच्या कानांपेक्षा मोठी. पहिल्या दिवशी तिने ती सतरा वेळा ओढून काढली. रेवतीने तेही मोबाइलमध्ये टिपलं, आणि मग ती नोंद उघडायचीच बंद केली. बारा तारखेला सकाळी तिने कापसाला रिमूव्हर लावून उजव्या हाताची पाचही नखं पुसली. खालची नखं पिवळट पडलेली होती. नोटीसबोर्डवरचा कागद अण्णांनी कधी काढला ते कुणी बघितलं नाही. पाण्याच्या टाकीची सूचना तेवढी राहिली.

दुसरा सामना शनिवारी दुपारी होता. मोबाइलवर दिसत होता, मधूनमधून अडकत. अण्णा, केयूर, सुहासिनीताई सोफ्यावर दाटीवाटीने बसले होते. निळ्या जर्सीतली सपना उंचवट्यावर होती. समोरून खूण आली असावी, तिने मान हलवली. पुन्हा खूण, पुन्हा मान. मग टाकला, आणि बॉल लांब गेला, कॅमेऱ्याच्याही बाहेर. पाचव्या डावात पंचांनी सामना थांबवला. चौदा-एक. फरक दहाच्या वर गेला की पुढे खेळवत नाहीत.

"ती तुला शोधत होती," केयूर म्हणाला.

रेवती तिथे नव्हती. म्हणजे होती, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर, मधूसमोर. थेरपीचा घरचा अभ्यास रोज तासभर करायचा होता. समोर बसायचं, मुलाच्या कानाजवळ, ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंड हाताने झाकून नाव घ्यायचं. हात दुसऱ्या कशासाठीही वापरायचे नाहीत. आपला हात आपसूक वर जातो हे पहिल्याच दिवशी लक्षात आल्यामुळे, नाव घेऊन झालं की रेवती दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायची.

"मधू," ती म्हणाली, आणि हात खाली.

मधू तिच्याकडे बघत होती. तिने एक बोट वर केलं. ये.

रेवती हलली नाही.

मधूने थोडी वाट बघितली. मग दोन बोटं दाखवली, दूध. मग चार बोटं हलवली, जरी आंघोळ तिला आवडायची नाही. मांडीवर टिचकी मारली. मूठ दाखवली. अंगठा दाखवला. ती एकेक खूण करत होती आणि प्रत्येकीनंतर आईच्या तोंडाकडे बघत होती, यातली कुठली बरोबर आहे ते शोधत. अकराच्या अकरा झाल्या. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आधीपेक्षा सावकाश, नीट, आईला कळत नसेल म्हणून.

"देऊन टाक गं एखादी," सुहासिनीताई सोफ्यावरून म्हणाल्या. "एकच."

"नाही, आई."

मधू उठली. ती रेवतीजवळ आली, तिच्या मांडीखाली हात घातला आणि जोर लावून आईचा उजवा हात बाहेर ओढला. तो मांडीवर ठेवला. बंद मुठीतून एक बोट तिने स्वतःच्या छोट्या बोटांनी सरळ केलं. नख पांढरं नव्हतं, ते तिने अंगठ्याने घासून बघितलं. मग दोन पावलं मागे सरकून, ये म्हटलंय तर येते, अशी ती पळत येऊन आईच्या कुशीत शिरली.

रेवतीने तोंड तिच्या कानातल्या गुलाबी यंत्राजवळ नेलं.

"मधू," ती म्हणाली. मग पुन्हा, थोडं मोठ्याने. "मधुवंती."

कुशीतल्या पोरीने दोन्ही हातांत ते बोट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि गाल आईच्या छातीला लावला होता.